मोनॅकोची शर्यत शनिवारीच ठरते, तर गुणही शनिवारी द्या

रायबंदरकर

काल साडेसहाला २०२५ ची मोनॅकोची फॉर्म्युला वन शर्यत बघायला टीव्ही लावला तेव्हा बाहेर धो धो पाऊस. यंदा मे सरायच्या आतच पावसाने गोवा गाठला. शर्यत सुरू होऊन थोडा वेळ झाला आणि वीज गेली, ती पाऊण तासाने आली. मधलं काय चुकलं ते विचारायला चुलतभावाला फोन केला, तर म्हणाला, "काही चुकलं नाही रे तुझं." ते ऐकून वाईट वाटलं, कारण वर्षभर मी ज्या शर्यतीची वाट बघतो ती हीच. नॉरिस, लेक्लेर, पियास्त्री, वर्स्टापेन. चौघे ज्या क्रमाने सुटले त्याच क्रमाने ७८ लॅपनंतर, म्हणजे फेऱ्यांनंतर, पोचले.

माझा राग मोनॅकोवर नाही, यंदाच्या नियमावर आहे. २०२४ मध्ये पहिल्याच लॅपला पेरेझ आणि मॅग्नुसनची धडक झाली, रेड फ्लॅग लागला, म्हणजे शर्यत थांबवली, सगळ्यांनी तिथेच टायर बदलले आणि मग शेवटपर्यंत टायरसाठी पिटमध्ये जायची कुणाला गरजच उरली नाही. पहिले दहा जण सुटले तसेच पोचले. यावर उपाय म्हणून यंदा प्रत्येकाला टायरचे किमान तीन सेट वापरणं, म्हणजे दोन पिट स्टॉप, सक्तीचे केले. झालं काय? लॉसनने मुद्दाम हळू चालवून मागची रांग अडवली, पुढे त्याच्याच टीमच्या हाजारला दोन्ही स्टॉपसाठी मोकळी जागा मिळाली. मग विल्यम्सच्या आल्बन आणि साइन्झनेही एकमेकांसाठी तेच केलं. मागे अडकलेल्या रसेलला इतका वैताग आला की त्याने शिकेन, म्हणजे डावं-उजवं जोडवळण, कापून आल्बनला मागे टाकलं आणि जागा परतही केली नाही. त्याला ड्राइव्ह-थ्रूची, म्हणजे पिटमधून हळू जाऊन यायची, शिक्षा झाली. वर्स्टापेन तर रेड फ्लॅग लागेल या आशेवर शेवटचा लॅप सुरू व्हायच्या तोंडावर पिटमध्ये आला. जगातले सगळ्यात वेगवान वीस चालक, आणि त्यातल्या तिघांचं काम काय, तर हळू चालवणं!

आता शनिवार आठवा, म्हणजे रविवारी कोण कुठून सुटणार ते ठरवणारं क्वालिफाइंग. नॉरिसचा लॅप १ मिनिट ९.९५४ सेकंदांचा. त्या रस्त्यावर याआधी कुणी १ मिनिट १० सेकंदांच्या खाली आलं नव्हतं. लेक्लेर सेकंदाच्या दहाव्या हिश्श्याच्या फरकाने मागे, तोही स्वतःच्या गावात. स्विमिंग पूलच्या वळणावर गाडीचं मागचं चाक लोखंडी कठड्याच्या इतकं जवळून जातं की मध्ये हात घालता येणार नाही. मी उभा राहून बघत होतो.

म्हणून माझं म्हणणं: दोन स्टॉपची सक्ती काढून टाका. मोनॅकोपुरते पूर्ण गुण शनिवारच्या क्वालिफाइंगला द्या आणि रविवारी अर्धे. जिथे लढाई होते तिथे बक्षीस.

डिचोलकर

अजिबात पटलं नाही. मागून येऊन पुढे जाणं म्हणजे शर्यत. ते जिथे शक्य नाही तिथे शर्यत घेऊ नये, इतकं सरळ आहे. तुम्ही सांगताय ते असं झालं, की फातोर्ड्याच्या स्टेडियमवर आधी पेनल्टी मारून घ्या, त्यावर निकाल लावा आणि मग नव्वद मिनिटं चेंडू एकमेकांना देत बसा. तिकीट कोण काढणार?

इतर सगळ्या शर्यती किमान ३०५ किलोमीटरच्या, ही एकटी २६० ची. इथला वेग कमी, म्हणून सवलत. आता पिट स्टॉपचा वेगळा नियम. उद्या गुणांचाही वेगळा. एकाच गावासाठी किती नियम वाकवायचे? दुसऱ्या कुठल्याही शहराने असला रस्ता दाखवला असता तर दारातूनच परत पाठवलं असतं.

वास्कोचा तारवटी

डिचोलकरबाब, तुमचा राग समजतो. पण तो रस्ता पायी चालून आलेला माणूस म्हणून दोन शब्द.

क्रूझ जहाजावर होतो तेव्हा आमचं जहाज तिथल्या पोर्ट एर्क्यूलमध्ये लागायचं. एकदा दुपारी चार तास सुट्टी मिळाली. बाकीचे खरेदीला गेले, मी ट्रॅक चालायला निघालो. पहिल्या वळणाच्या मागे डोंगराच्या खबदाडीत लहानशी इगर्ज (चर्च) आहे, सांता देव्होताची. ती मोनॅकोची राखणदार संत, वळणालाही तिचंच नाव. आपल्याकडे वळणावर खुरीस (क्रॉस) असतो, येणारा-जाणारा क्षणभर हात जोडतो, तसं मीही केलं. तिथून कॅसिनोपर्यंतचा चढ टीव्हीवर सपाट दिसतो. प्रत्यक्षात पणजीची आल्तिन्यो टेकडी चढताना लागते तशी धाप लागते. वर गेल्यावर रस्ता मध्येच फुगलेला आहे, गाड्या तिथे एका बाजूला का सरकतात ते पायाला कळतं. मग उतार, आणि हॉटेलसमोरचं ते पूर्ण उलटं वळण. लाल-पांढऱ्या कडा तिथे बाराही महिने असतात. मी त्या कडेवर उभा होतो आणि समोरून दुधाची गाडी आली. तिला वळायला दोन्ही बाजूंचा रस्ता लागला. तिथे फॉर्म्युला वनच्या चालकाला जवळजवळ पन्नासच्या वेगावर यावं लागतं, आणि त्या एका वळणासाठी गाडीचं स्टिअरिंग जास्त वळेल असं वेगळं बसवून घेतात.

झेब्रा क्रॉसिंगचे पट्टे आहेत, ते ओले झाले की बर्फ. गटारांची झाकणं शर्यतीआधी वेल्डिंग करून बसवतात, नाहीतर गाडीच्या खालच्या हवेच्या ओढीने उखडतील. आणि शर्यतीच्या आठवड्यात संध्याकाळी हाच रस्ता पुन्हा लोकांसाठी खुला होतो.

१९२९ पासून ही शर्यत या रस्त्यावर होते. १९५० साली ताबाकच्या वळणावर बंदरातली लाट कठड्यावरून रस्त्यावर आली आणि पहिल्याच लॅपला जवळजवळ अर्धा ताफा एकमेकांवर आदळला. फांजिओ त्यातून वाट काढून जिंकला. १९५५ मध्ये आस्कारी गाडीसकट पाण्यात गेला आणि पोहत बाहेर आला. ही जागा वगळली तर वीस-बावीस ठिकाणी सारखंच डांबर आणि सारख्याच मोकळ्या बाजू उरतील. नको रे ते.

कवळ्याची वैदेही

मला तर रविवारही हवाय, शनिवारसारखाच.

आमच्याकडे देवळाच्या उत्सवात नाटक असतं. संगीत नाटकाची गोष्ट सगळ्या गावाला पाठ असते, शेवटी काय होणार हे शाळकरी पोरालाही माहीत. तरी रात्री तीनपर्यंत मंडपात माणूस बसतं. कशासाठी? आज तो नट ते पद कसं घेतोय त्यासाठी. मोनॅकोचा रविवार मला तसाच वाटतो. क्रम ठरलेला असेल, पण ७८ लॅप, प्रत्येक लॅपला एकोणीस वळणं, आणि एकदाही कठड्याला टेकायचं नाही.

१९९२ बघा. मॅन्सेल आरामात पुढे होता, शेवटच्या काही लॅपना चाकाच्या नटच्या संशयावरून पिटमध्ये जावं लागलं. बाहेर आला तर सेन्ना पुढे. मॅन्सेलची गाडी कितीतरी वेगवान, टायर नवे, उजवीकडून घुसतोय, डावीकडून घुसतोय, सेन्नाने जागा दिली नाही. फरक ०.२१५ सेकंद. ओव्हरटेक एकही झाला नाही, तरी तेहतीस वर्षांनी आपण त्याबद्दल बोलतोय.

आणि २०१८ चा रिकार्डो. ७८ पैकी २८ व्या लॅपला त्याच्या गाडीची विजेची मोटर गेली. साधारण १६० अश्वशक्ती कमी. उरलेले पन्नास लॅप त्याने तशा गाडीने व्हेटेलला मागे ठेवून काढले. तो विजय दुसऱ्या कुठल्या ट्रॅकवर शक्य होता?

डिचोलकर

वैदेहीबाय, तेच तर म्हणतोय. दुसऱ्या कुठल्याही ट्रॅकवर शक्य नव्हता, आणि हाच दोष आहे! १६० अश्वशक्ती गमावलेली गाडी पन्नास लॅप अडवता येते, याचा अर्थ मागच्याच्या हातात काहीच नाही. रिकार्डोने तापलेले ब्रेक सांभाळत ती गाडी आणली, त्याला मी सलाम करतो. पण व्हेटेलची बाजू बघा ना. त्याने काय चूक केली? शनिवारी दुसरा आला, एवढीच.

नाटकाचा दाखला सुंदर आहे, पण नाटकात दोन नट एकमेकांना हरवायला उभे नसतात.

वेर्णे_वर्कशॉप

एक दुरुस्ती. "पूर्वी गाड्या अरुंद होत्या, म्हणून ओव्हरटेक व्हायचे" असं सगळीकडे ऐकू येतं, इथेही कुणीतरी लिहीलच. १९९२ मध्ये गाडीची रुंदी २.१५ मीटरपर्यंत चालत होती. २०२५ ची २ मीटर आहे. म्हणजे सेन्ना-मॅन्सेलच्या गाड्या त्यापेक्षा रुंद होत्या.

बदललं आहे ते लांबी आणि वजन. मॅन्सेलची विल्यम्स सव्वाचार मीटरच्या आत होती, २०२५ च्या गाड्या साडेपाचच्या आसपास आहेत. तेव्हा किमान वजन ५०५ किलो, २०२५ मध्ये ८००, तेही चालकासकट. पणजीतल्या फोंतेन्यासच्या गल्लीत स्कूटर वळते तिथे टेम्पो वळत नाही, कारण त्याचं ढुंगण आडवं येतं. तसंच आहे हे. शिवाय ब्रेक आता इतके चांगले आहेत की थांबायला पूर्वीपेक्षा कमी अंतर लागतं, आणि पुढे जाण्याचा डाव त्या अंतरातच टाकायचा असतो. हाताने गिअर टाकायचे तेव्हा पुढच्याचा एखादा गिअर चुकायचा, मागच्याला फट मिळायची. आता पॅडल ओढलं की गिअर पडलाच.

२०२६ पासूनच्या नियमांत गाडी १.९ मीटर रुंद, पुढच्या-मागच्या चाकांमधलं अंतर २० सेंटिमीटरने कमी, वजन ७६८. चांगली सुरुवात आहे, पण मोनॅकोला त्याने फार फरक पडेल असं मला वाटत नाही. बोगद्यानंतरच्या शिकेनपाशी रस्ता सरळ आणि लांब करता आला तर काही होईल. समुद्र भरून जमीन वाढवायची मोनॅकोला सवय आहे.

म्हापसेकर

तुम्ही सगळे रविवारवर भांडताय आणि शनिवारची सगळ्यात मोठी गोष्ट कुणी लिहिलीच नाही. कुश मैनीने फॉर्म्युला टूची, म्हणजे फॉर्म्युला वनच्या खालच्या मालिकेची, स्प्रिंट (छोटी शर्यत) जिंकली, मोनॅकोत! असं करणारा पहिला भारतीय. आमच्या घरात सगळे उभे राहिलो जन गण मनला, आई हातातलं पीठ तसंच घेऊन स्वयंपाकघरातून बाहेर आली. तिला फॉर्म्युला टू म्हणजे काय ते माहीत नाही, तिला झेंडा दिसला. फॉर्म्युला वनमध्ये गेलेले आपले चांदोक, कार्तिकेयन यांच्यापासून आपण वाट बघत आलोय, त्यामुळे मला या गावाबद्दल कुणी वाईट बोललेलं सध्या सहन होत नाही.

डिचोलकर

म्हापसेकरबाब, मीही उभा राहिलो होतो. डोळे भरून आले. आणि तरीही विचारतो: कुश क्वालिफाइंगमध्ये दहावा होता. स्प्रिंटला पहिले दहा उलटे लावतात म्हणून तो सगळ्यात पुढून सुटला आणि शेवटपर्यंत पुढेच राहिला. पोराने एकही चूक केली नाही, विजय शंभर टक्के त्याचा. पण दहावा माणूस पुढे ठेवला तर दहावा जिंकतो आणि पहिला ठेवला तर पहिला, हेच नेमकं आपण बोलतोय ना?

म्हापसेकर

"दहावा ठेवला तर दहावा जिंकतो" हे म्हणायला सोपं. मागून दम देणारे नऊ जण, सगळे शुक्रवारच्या क्वालिफाइंगमध्ये त्याच्यापेक्षा वेगवान ठरलेले, आणि तीस लॅप एक चाक इकडचं तिकडे झालं नाही. माझे काका पणजीत पायलट होते, मोटरसायकलवर माणसं पोचवण्यात आयुष्य गेलं. ते म्हणायचे, गर्दीत पुढे घुसणारा पायलट कुणीही होतो, मागून हॉर्न वाजत असताना आपली रेघ न सोडणारा खरा. मोनॅको तेच तपासतं.

रायबंदरकर

सगळं वाचलं. वैदेही आणि म्हापसेकर यांच्यामुळे माझं एक मत बदललं, ते आधी सांगतो. रविवारला अर्धे गुण हे मी चुकीचं लिहिलं. २०१८ चे ते पन्नास लॅप अर्ध्या किमतीचे नव्हते. रविवारचे गुण पूर्ण राहू देत. शनिवारी पहिल्या आठांना वेगळे गुण द्या, फॉर्म्युला वनच्या स्प्रिंटला देतात तसे, वरून आठ, सात, सहा असे.

डिचोलकर म्हणतात एका गावासाठी नियम किती वाकवायचे. पण नियम वाकवलेलाच आहे, दोन स्टॉपची सक्ती दुसरीकडे कुठे होती काल? फरक एवढाच की त्या नियमाने चालकाला हळू चालवायला लावलं. माझा नियम त्याला जास्तीत जास्त वेगाने चालवायला लावतो. लॉसन, आल्बन, साइन्झ यांना मी दोष देत नाही, टीमने सांगितलं ते त्यांनी केलं, आणि विल्यम्सचे दोघे तर नंतर स्वतःच नाराज होते. लहानपणापासून कार्टिंग करून, घरदार सोडून माणूस तिथवर पोचतो आणि मोनॅकोच्या रविवारी त्याला रेडिओवर सांगतात, सावकाश चल. ते मला बघवत नाही.

डिचोलकर

स्प्रिंटसारखे गुण म्हणालात तर विचार करतो. पण मग ते मोनॅकोलाच का? सिंगापूरला का नको, हंगेरीला का नको? तिथेही पुढे जाणं कठीणच. शनिवारला गुण द्यायचे तर सगळ्या शर्यतींना द्या, नाहीतर कुठेच नको. यावर उत्तर द्या, मग पुढचं बोलू.

वास्कोचा तारवटी

सिंगापूरचा ट्रॅकही चाललोय मी, बंदर तिथेही जवळच. तिथे चूक झाली तर वळणावर सरळ जायला काही ठिकाणी मोकळी बाजू आहे. मोनॅकोला सांता देव्होतापाशी एक सोडली तर बहुतेक ठिकाणी समोर कठडाच. म्हणून मोनॅकोलाच, डिचोलकरबाब.