हरित हायड्रोजनचे सरकारी धोरण आणि मराठवाडा : पाणी, जमीन आणि खरेदीदार

मांजराकाठ (लातूर) यांचा प्रश्न

नमस्कार. आमच्या तालुक्यात सौर प्रकल्पांसाठी जमिनी दीर्घ मुदतीच्या भाड्याने घेण्याची बोलणी सुरू आहेत. या विजेचा काही भाग पुढे हरित हायड्रोजनसाठी, म्हणजे अक्षय विजेने पाण्यापासून काढलेल्या हायड्रोजनसाठी, वापरला जाईल, असे ग्रामसभेत सांगण्यात आले. केंद्राच्या राष्ट्रीय हरित हायड्रोजन अभियानाला 4 जानेवारी 2023 रोजी मंत्रिमंडळाची मान्यता मिळाली. त्यासाठी 19,744 कोटी रुपयांची तरतूद आहे आणि 2030 पर्यंत वर्षाला 50 लाख टन उत्पादनाचे उद्दिष्ट आहे, एवढे मी वाचले आहे. त्याच वर्षी महाराष्ट्रानेही स्वतःचे धोरण 8,562 कोटी रुपयांच्या तरतुदीसह मंजूर केले आणि राज्यासाठी वर्षाला 5 लाख टनांचे उद्दिष्ट ठेवले.

माझी शंका अशी आहे. हायड्रोजन पाण्यापासून काढतात आणि 2016 साली याच लातूरला मिरजेहून रेल्वेने पाणी आणावे लागले होते. अशा भागात या उद्योगाचा विचार करणे योग्य आहे काय? दुसरे असे की, एवढा खर्च करून तयार होणारा हायड्रोजन विकत घेणार कोण आणि त्यातून आमच्या गावाकडे काय राहणार? जाणकारांनी कृपया सविस्तर लिहावे. ग्रामसभेत पुन्हा विषय निघेल तेव्हा मला नेमकेपणाने बोलता आले पाहिजे.

रसायन अभियंता (वाळूज)

आपण पाण्यापासून सुरुवात केली आहे, म्हणून आधी त्याचाच हिशेब करू. रासायनिक समीकरणानुसार 1 किलो हायड्रोजनसाठी 9 लिटर पाणी लागते. पाणी अतिशुद्ध करताना वाया जाणारा भाग आणि थंड करण्यासाठी लागणारे पाणी धरले, तर प्रत्यक्षातला आकडा साधारण 20 ते 30 लिटरांवर जातो. म्हणजे वर्षाला 1 लाख टन हायड्रोजन काढणाऱ्या मोठ्या प्रकल्पाला 20 ते 30 लाख घनमीटर पाणी लागेल. पाटाने भिजवलेल्या उसाला हेक्टरी 20 हजार घनमीटरांच्या आसपास पाणी लागते असे धरले, तर एवढे पाणी 100 ते 150 हेक्टर उसाचे झाले. जायकवाडीचा उपयुक्त साठाच 2,171 दशलक्ष घनमीटर आहे. तेव्हा पाण्याचे प्रमाण हा या उद्योगाचा सर्वांत मोठा अडसर नाही, असे माझे स्पष्ट मत आहे.

अडसर विजेचा आहे आणि विजेमागोमाग जमिनीचा. 1 किलो हायड्रोजनसाठी आजच्या इलेक्ट्रोलायझरला, म्हणजे विजेने पाण्याचे विघटन करणाऱ्या यंत्राला, साधारण 50 ते 55 युनिट वीज लागते. केंद्राच्या अभियानातही 50 लाख टनांसाठी सुमारे 125 गिगावॉट (1,25,000 मेगावॉट) अक्षय ऊर्जा उभारावी लागेल असे गृहीत धरलेले आहे. त्याच प्रमाणात 1 लाख टनांसाठी 2,500 मेगावॉट लागतील. सौर प्रकल्पाला मेगावॉटमागे सुमारे 4 एकर जागा धरली, तर ही जमीन 10 हजार एकर होते. राज्याचे 5 लाख टनांचे उद्दिष्ट केवळ सौर विजेवर गाठायचे ठरवले तर 50 हजार एकर लागतील. उद्योग तुमच्या शिवारातील पाणी फारसे पिणार नाही, जमीन मात्र मोठ्या प्रमाणावर मागणार आहे. ग्रामसभेतील चर्चेचा रोख तिकडे वळवावा, अशी माझी विनंती आहे.

एक गोष्ट मराठवाड्याच्या बाजूची आहे, तीही नोंदवतो. केवळ सौर विजेवर चालवलेला इलेक्ट्रोलायझर दिवसातील बराच काळ रिकामा राहतो आणि महागडे यंत्र बंद ठेवले की प्रत्येक किलोवरचा भांडवली खर्च वाढतो. बीड आणि धाराशिवच्या बालाघाट पठारावर पावसाळ्यात वारा चांगला असतो. नेमक्या त्याच महिन्यांत ढगांमुळे सौर वीज घटते. पवन आणि सौर यांची अशी जोड मिळाली तर यंत्र अधिक तास चालते. या भागाचे खरे बळ इथे आहे.

परळीकर

वरील हिशेब बरोबर आहे, परंतु त्यातून काढलेला निष्कर्ष मला अपुरा वाटतो. वार्षिक सरासरीवर पाण्याचा निर्णय करणे आमच्या भागात धोक्याचे आहे. 2015 साली परळीच्या औष्णिक विद्युत केंद्रातील संच पाण्याअभावी बंद ठेवावे लागले होते. त्या केंद्राला सरासरी वर्षी पाणी पुरत होते, प्रश्न आला तो लागोपाठच्या अवर्षणात. अशा वर्षी धरणातील साठा पिण्यासाठी राखून ठेवला जातो आणि ते योग्यच आहे. मग 25 वर्षे चालवायच्या कारखान्याने त्या काळात काय करायचे, याचे उत्तर धोरणात आधीच असायला हवे. विंधन विहिरीच्या पाण्यावर असा कारखाना चालवण्याचा विचार तर कोणी करूच नये. आमचे भूजल बहुतेक ठिकाणी जड आहे. ते शुद्ध करताना उरणारे क्षारयुक्त पाणी पुन्हा ओढ्यात सोडले, तर आसपासच्या विहिरी खराब होतील.

यावर उपाय आहे आणि तो आपल्याच राज्यात चाललेला आहे. नागपूर शहराचे सांडपाणी प्रक्रिया करून कोराडीच्या औष्णिक केंद्राला पुरवले जाते आणि त्या योजनेची क्षमता दिवसाला 130 दशलक्ष लिटर आहे. आपण दिलेल्या आकड्यानुसार 1 लाख टन हायड्रोजनला दिवसाला 5.5 ते 8 दशलक्ष लिटर पुरतात. म्हणजे छत्रपती संभाजीनगर किंवा लातूर यांसारख्या शहराच्या प्रक्रिया केलेल्या सांडपाण्यातून ही गरज भागू शकते. सवलत हवी असलेल्या प्रत्येक प्रकल्पाला, निदान समुद्रापासून दूरच्या जिल्ह्यांत, प्रक्रिया केलेल्या सांडपाण्याचीच अट राज्याने घातली पाहिजे. अशी अट आज घातली तर खर्च थोडा वाढेल. पाणीवाटपाचे करार झाल्यानंतर ती घालणे जवळजवळ अशक्य होईल.

अर्थशास्त्राचा शिक्षक (नांदेड)

मी मूळ प्रश्नातील "विकत घेणार कोण" या भागाकडे येतो, कारण जगभरातील सरकारांची धोरणे याच ठिकाणी अडखळली आहेत. जपानने डिसेंबर 2017 मध्ये राष्ट्रीय हायड्रोजन धोरण आणले. जर्मनी आणि युरोपीय संघाची धोरणे 2020 साली आली. युरोपने 2030 पर्यंत स्वतःच्या भूमीवर 1 कोटी टन हरित हायड्रोजनचे उद्दिष्ट ठेवले होते. जुलै 2024 मध्ये युरोपच्याच लेखापरीक्षकांनी ती उद्दिष्टे अवास्तव असल्याचे सांगितले. अमेरिकेने 2022 च्या कायद्याने किलोमागे 3 डॉलरपर्यंत करसवलत दिली आणि 2025 साली नव्या कायद्याने तिची मुदत कमी करून 2027 च्या अखेरीपूर्वी बांधकाम सुरू करणाऱ्यांपुरतीच ठेवली. सवलतीच्या भरवशावर आखलेल्या प्रकल्पांचे गणित अशा एका बदलाने कोलमडते.

भारताच्या अभियानातील 17,490 कोटी रुपये इलेक्ट्रोलायझर निर्मिती आणि हायड्रोजन उत्पादन यांच्या प्रोत्साहनासाठी आहेत. उत्पादनासाठीचे अनुदान पहिल्या वर्षी किलोमागे जास्तीत जास्त 50 रुपये, दुसऱ्या वर्षी 40 आणि तिसऱ्या वर्षी 30 रुपये आहे. 1 किलोला 52 युनिट धरले तर 50 रुपयांचे अनुदान म्हणजे युनिटमागे जेमतेम 1 रुपया झाला. वीज 3 रुपये दराने मिळाली तरी केवळ विजेचाच खर्च किलोला 156 रुपये होतो. त्यावर यंत्रसामग्री, व्याज, साठवण आणि वाहतूक आहेच. तीन वर्षांच्या उतरत्या अनुदानावर एखादी बँक वीस वर्षांच्या प्रकल्पाला कर्ज देणार नाही. तिला दीर्घ मुदतीचा आणि पत असलेला खरेदीदार दिसला पाहिजे.

म्हणून मला या सगळ्या धोरणात सर्वांत महत्त्वाची वाटते ती हायड्रोजनपासून तयार होणाऱ्या आणि खतांसाठी लागणाऱ्या अमोनियाची खरेदी. भारतीय सौर ऊर्जा महामंडळाने, म्हणजे सेकीने, खत कारखान्यांची मागणी एकत्र करून वर्षाला 7.24 लाख टन हरित अमोनियासाठी दहा वर्षांच्या स्थिर दराचे लिलाव केले. 2025 च्या जुलैमध्ये पहिल्या लिलावात किलोला 55.75 रुपये दर निघाला. जर्मनीच्या पुढाकाराने एक वर्ष आधी झालेल्या खरेदीत पोहोच दर टनाला 1,000 युरो, म्हणजे किलोला 1 युरो, होता. त्याच्याशी तुलना केली तर आपल्याकडील स्पर्धेने किती फरक पाडला, हे लक्षात येते. उत्पादकाला गिऱ्हाईक आणि कारखान्याला दर आधीच ठाऊक असल्याने हा फरक पडला.

इथे शेतकऱ्यांच्या दृष्टीने एक बारकावा आहे. युरिया तयार करताना अमोनियाबरोबर कार्बन डायऑक्साइडही लागतो आणि तो कारखान्याला नैसर्गिक वायूपासून हायड्रोजन काढतानाच मिळतो. त्यामुळे युरियाच्या कारखान्यात हरित अमोनिया सहज बसत नाही. डीएपी आणि संयुक्त खतांच्या कारखान्यांना मात्र अमोनिया बाहेरून, बराचसा आयात करून, घ्यावा लागतो. तिथे तो थेट वापरता येतो. सोयाबीन आणि कापसाच्या पेरणीवेळी डीएपीसाठी रांगा लावणाऱ्या आपल्या भागाला आयातीवरचे हे अवलंबित्व कमी होण्याचे महत्त्व वेगळे सांगायला नको.

सळई उद्योग (जालना)

पोलादाचा विषय अजून निघालेला नाही आणि जालन्यात अनेकांना वाटते की हायड्रोजन आला की आपले कारखाने हरित होतील. त्याबद्दल थोडे स्पष्ट लिहितो. जालन्यातील बहुतेक कारखाने इंडक्शन भट्टीत भंगार आणि स्पंज आयर्न वितळवून सळई तयार करतात. ही भट्टी विजेवर चालते, तिथे हायड्रोजनला काम नाही. हायड्रोजनचे काम आमच्या आधीच्या टप्प्यात आहे. लोहखनिजातील ऑक्सिजन काढून स्पंज आयर्न करताना आज भारतात मुख्यतः कोळसा वापरतात आणि त्याच्या जागी हायड्रोजन वापरता येतो. केंद्राच्या अभियानात पोलाद क्षेत्रातील प्रायोगिक प्रकल्पांसाठी 455 कोटी रुपये ठेवलेले आहेत, तेही या टप्प्याशी संबंधित आहेत. जालन्याला खरोखर हरित सळई विकायची असेल तर आधी भट्टीला अक्षय वीज मिळणे गरजेचे आहे. बीडच्या पवनचक्कीची वीज सरळ आमच्या भट्टीत वापरली तर ती जवळजवळ पूर्ण कामी येते. तिचा हायड्रोजन करून पुन्हा वीज केली तर निम्म्याहून अधिक ऊर्जा वाया जाते.

हाच न्याय नैसर्गिक वायूच्या वाहिनीत हायड्रोजन मिसळण्यालाही लावावा. राज्याच्या धोरणात अशा मिश्रणासाठी किलोला 50 रुपये अनुदान आहे. परंतु आकारमानाने 20 टक्के हायड्रोजन मिसळला तरी त्यातून सुमारे 7 टक्केच ऊर्जा येते. हा पैसा खतांकडे वळवला तर अधिक उपयोग होईल, असे मला वाटते.

मांजराकाठ (लातूर)

सर्वांचे मनःपूर्वक आभार. पाणी आणि खरेदीदार या दोन्ही शंकांबाबत बरेच स्पष्ट झाले. आता एकच विचारतो. हायड्रोजनचा प्रत्यक्ष कारखाना मराठवाड्यात येईल काय, की आमच्याकडे केवळ सौर पॅनेल राहतील?

रसायन अभियंता (वाळूज)

माझ्या मते सध्याच्या धोरणानुसार दुसरी शक्यता अधिक आहे आणि त्याचे कारण धोरणातच आहे. राज्यात हायड्रोजनचे आजचे मोठे ग्राहक म्हणजे मुंबईतील तेलशुद्धीकरण कारखाने आणि थळ, तळोजा येथील खत व रसायन कारखाने. हे सगळे किनारपट्टीला आहेत. हायड्रोजन टँकरने नेणे महाग असते, वीज तारेने नेणे त्या मानाने सोपे. त्यातच राज्याच्या धोरणाने अशा प्रकल्पांना दहा वर्षे पारेषण शुल्कात 50 टक्के आणि वहन शुल्कात 60 टक्के सूट दिली आहे. याचा अर्थ वीज दूर नेण्याचा खर्च सरकारने कमी केला आणि कारखाना ग्राहकाच्या दारात उभारणे फायद्याचे ठरवले. माफ केलेल्या शुल्काचा भार शेवटी इतर वीजग्राहकांवर येतो आणि त्यांत मराठवाड्यातील ग्राहकही आहेत. जिथे वीज तयार होते त्याच जिल्ह्यात किंवा शेजारच्या जिल्ह्यात इलेक्ट्रोलायझर बसवणाऱ्याला वेगळी, वाढीव सवलत दिली असती तर शेंद्रा-बिडकीन औद्योगिक पट्ट्यात निदान अमोनियाचा एखादा कारखाना येण्यास आधार मिळाला असता. ही मागणी आपल्या लोकप्रतिनिधींनी विधिमंडळात लावून धरण्यासारखी आहे.

तोपर्यंत गावाच्या हातात भाडेकरार आहे. मुख्यमंत्री सौर कृषी वाहिनी योजनेत सरकारने हेक्टरी वर्षाला 1.25 लाख रुपये भाडे आणि त्यात दरवर्षी 3 टक्के वाढ मान्य केली आहे. खासगी कंपनीशी बोलताना याहून कमी दराने सुरुवात करू नये. करारात तीन गोष्टी लेखी असाव्यात. कंपनी किंवा मालकी बदलली तरी भाड्याची जबाबदारी नव्या मालकावर राहील. मुदत संपल्यावर पॅनेल, खांब आणि काँक्रीटचे पाये कंपनी स्वखर्चाने काढेल आणि त्यासाठीची रक्कम आधीच बँकेत ठेवेल. पॅनेल धुण्यासाठी लागणारे पाणी गावच्या पिण्याच्या स्रोतातून घेतले जाणार नाही. या तिसऱ्या मुद्द्याकडे करार करताना बहुतेकांचे दुर्लक्ष होते आणि उन्हाळ्यात त्यावरूनच तंटे होतात. कराराचा मसुदा आपल्या हाती आला की, नावे वगळून, त्यातील अटी इथे लिहाव्यात. एकेका कलमावर सविस्तर बोलता येईल.