सगळंच करतो म्हणणारी लॉ फर्म पारखायची कशी?

प्रश्न: वाळूजला सुट्या भागांचा कारखाना आहे. वसुली, करार, कामगार, दिवाळखोरी, सगळं बघतो असं एक फर्म म्हणतेय. खरं किती?

उत्तर १: ई-कोर्ट्सवर (न्यायालयांच्या सरकारी वेबसाइटवर) वकिलाच्या नावाने शोधा. निकालाच्या प्रती वाचा, नुसता केसेसचा आकडा नको. व्यापारी दाव्यात लेखी जबाब १२० दिवसांत गेला नाही तर हक्कच जातो. तो कितीदा हुकलाय ते दिसेल.

उत्तर २: वसुलीचं विचारा. ३ लाख किंवा जास्तीच्या व्यापारी दाव्याआधी, तातडीचा आदेश नको असेल तर, मध्यस्थी सक्तीची. थेट दावा ठोकू म्हणाले तर उठा.

उत्तर ३: महाराष्ट्रातल्या कंपनीच्या दिवाळखोरीचा अर्ज एनसीएलटीच्या (राष्ट्रीय कंपनी कायदा न्यायाधिकरणाच्या) मुंबई खंडपीठात जातो, संभाजीनगरला नाही. तिथे उभा राहणारा वकील फर्मचा की बाहेरून उसना, फीपत्रात लिहून घ्या.