मदत हवी आहे: ओलान्झापिन सुरू झाल्यापासून भावाचं वजन १७ किलोंनी वाढलंय

नमस्कार. आम्ही गोव्यातल्या फोंड्याचे. धाकट्या भावाला स्किझोफ्रेनिया आहे, वय ३१. दीड वर्षापूर्वी ओलान्झापिन सुरू झालं. आवाज ऐकू येणं थांबलं, झोप लागायला लागली; आईने देवाला नारळ ठेवला. पण ६४ किलोंचा मुलगा आता ८१ वर गेलाय.

त्याची भूक भागतच नाही. सकाळी पोदेराचा (पाववाल्याचा) भोंपू वाजला की हा दारात, चार पोळ्या (गोव्याचे गव्हाचे पाव) तिथेच संपवतो. दुपारी हुमण-शिताचं (माशाची आमटी-भात) ताट दोनदा. रात्री बारालाही फ्रीज उघडलेला दिसतो. शेजारचे म्हणतात, 'आळशी झालाय.' (त्यांना काय सांगणार!) हे औषध भूक वाढवतं आणि साखर-चरबीही वाढवू शकतं, हे डॉक्टरांनी समजावलंय. म्हणून औषध आपल्या मनाने बंद करणार नाही; एकदा केलं होतं, तो महिना आठवला तरी अंगावर काटा येतो.

पुढच्या भेटीत मेटफॉर्मिनबद्दल (मधुमेहाचं औषध, असं वाढलेलं वजन आटोक्यात ठेवायलाही देतात), आणि वजन कमी वाढवणाऱ्या आरिपिप्राझोलसारख्या औषधाबद्दल विचारणार आहे. तुमच्यापैकी कोणाच्या घरी असा बदल झाला का? बदलताना त्रास परत उफाळला का?

आणि रोजचं कसं सांभाळता? भात कमी वाढला की तो चिडतो. कुळीथ, मूग घालून पोट भरतं का? चालायला नेलं तर कोपऱ्यापर्यंत येतो नि परत फिरतो. कपाटाला कुलूप लावायला मन होत नाही.