पीडितांच्या आधारगटाचे स्नेहमेळावे: जागा, वेळ, उपक्रम कसे ठरवावेत?

आडवाट:
आमचा आधारगट गुन्ह्यांच्या पीडितांसाठी आहे. मारहाण, घरगुती हिंसा, लैंगिक अत्याचार सोसलेले लोक आणि खून झालेल्यांचे नातेवाईक, सगळे एकत्र. बोलण्याची नियमित बैठक बरी चालते. आता महिन्यातून एकदा नुसतं भेटण्यासाठी काही सुरू करायचंय: हस्तकला, फिरायला जाणं, खेळ, पुढे एखादी सहल. अडचणी अशा, की लोक येतात पण भिंतीकडेला बसून राहतात, दोघं-तिघं मधूनच निघून जातात, आणि कोणी कोर्टाचा विषय काढला की सगळे तिकडेच वळतात. किती वेळ, किती माणसं, कोणते उपक्रम? फोटो काढावेत का? अनुभवी मंडळींनी कृपया तपशिलात सांगावं.

खडूफळा:
वेळ दीड तास, त्याहून जास्त नको. सुरुवात आणि शेवट दोन्ही घड्याळाप्रमाणे. संपायची वेळ पक्की असली की माणूस निर्धास्त थांबतो. "बसू या अजून थोडं" सुरू झालं की ज्याला निघायचंय त्याची पंचाईत होते आणि पुढच्या वेळी तो येतच नाही.

माणसं आठ ते बारा. फारच कमी असली तर प्रत्येकावर बोलायचा भार पडतो. पंधराच्या वर गेली की कंपू पडतात आणि नवा माणूस कुठल्याच कंपूत बसत नाही. कार्यकर्ते तीन हवेत: एक दारापाशी, एक उपक्रम चालवणारा, एक पूर्ण मोकळा. मोकळ्या माणसाला काहीच काम देऊ नका, कारण कोणी उठून बाहेर गेलं तर मागे जाणारा तोच. तिसरा नसेल तर उपक्रम सोपा ठेवा, पण मोकळा माणूस कापू नका.

भिंतीकडेला बसणं हा रुसवा नसतो. पाठीमागे कोणी नाही आणि दार दिसतंय, अशी जागा माणूस शोधत असतो. मग तशाच जागा जास्त करा. टेबलं भिंतीला समांतर लावा, खुर्च्यांची पाठ भिंतीकडे, दाराकडे जाणारी वाट मोकळी. खुर्च्या गोलात मांडू नका, गोल दिसला की लोकांना वाटतं आता आपली पाळी येणार. दार आतून-बाहेरून सहज उघडणारं हवं. आदल्या दिवशी जाऊन तीन गोष्टी बघा: स्वच्छतागृहाच्या वाटेवर उजेड आहे का, शेजारच्या खोलीत त्या वेळी काय चालतं, आणि आगीच्या घंटेची चाचणी कोणत्या वारी असते. फुगे तर नकोच. एक फुटला की अर्धी खोली दचकते आणि पुढचा अर्धा तास वाया जातो. बाजूला एक लहान खोली रिकामी ठेवा: दोन खुर्च्या, पाणी, मंद दिवा.

मधून निघून जाणं हे कार्यक्रम फसल्याचं लक्षण मानू नका. सुरुवातीलाच मोठ्याने सांगा: "कधीही उठून जाता येईल, कारण सांगायची गरज नाही. जाताना दारावरच्या माणसाला हात दाखवा, म्हणजे तुम्ही नीट बाहेर पडलात हे कळेल." एवढी दोन वाक्यं दर वेळी, जुन्या लोकांसमोरसुद्धा. गंमत म्हणजे, जायची मुभा उघड दिली की लोक जास्त वेळ थांबतात.

उपक्रम हातांना काम देणारा हवा. नजर वस्तूवर असली की बोलणं आपोआप सैल होतं आणि गप्प राहणंही खटकत नाही. उदाहरणार्थ माती. माणशी अर्धा किलो, टेबलाला चार जण, प्रत्येकाला वाटीभर पाणी आणि ओलं फडकं. वाटी करायला मुठीएवढा गोळा घ्यायचा, अंगठा मधोमध खाली दाबायचा, तळाला बोटाच्या जाडीची माती राखायची आणि फिरवत फिरवत भिंत वर ओढायची. बिघडतं ते दोन ठिकाणी. एक, लोक काठ फार पातळ करतात आणि तो वाळताना तडकतो. दोन, तडा दिसला की पाणी ओततात आणि वाटी बसते. ओलं बोट फिरवलं की पुरे. मातीचा फायदा असा, की बिघडलं तर पुन्हा गोळा करता येतो, कोणाचं काही वाया जात नाही. कात्री-कटर लागणारे प्रकार सुरुवातीला टाळा. चाकूहल्ल्यातून वाचलेल्याला टेबलावर पडलेलं पातं पुरतं.

सिनेमा दाखवायचा मोह सगळ्यांना होतो. अंधार, बंद दार, रांगेत मधे अडकलेली जागा आणि अचानक मोठा आवाज, म्हणजे नको ते सगळं एकाच ठिकाणी. दाखवायचाच असेल तर आधी स्वतः पूर्ण बघा, त्यात काय आहे ते आधी कळवा आणि दिवे निम्मे चालू ठेवा.

कोपरा७:
वरचं सगळं पटलं. पण पहिली पायरी खोलीच्या आधीची आहे, ती म्हणजे निरोप.

घरगुती हिंसेतल्या अनेक जणींचा फोन दुसरं कोणी बघतं. मेसेजची पहिली ओळ कुलूप लावलेल्या पडद्यावरही दिसते. म्हणून मेसेजमध्ये गटाचं नाव, "पीडित", "आधार" असे शब्द नकोत. "शनिवारी चारला हस्तकला वर्ग" एवढंच लिहा. कोणाला मेसेज चालतो, कोणाला फक्त फोन, कोणत्या वेळात आणि दुसऱ्याने उचलला तर काय म्हणायचं, हे नावनोंदणीच्या वेळीच विचारून ठेवा. पत्ता जाहीर करू नका, नाव दिलेल्यांनाच कळवा. हॉलच्या दारावर पाटी नको, आणि हॉलचं आरक्षणही "हस्तकला वर्ग" अशा साध्या नावानेच.

व्हॉट्सॲपचा साधा ग्रुप काढू नका, त्यात सगळ्यांना सगळ्यांचे नंबर दिसतात. ब्रॉडकास्ट यादी बरी. फक्त ज्याने तुमचा नंबर साठवलेला आहे त्यालाच तो निरोप पोचतो, तेव्हा "मेसेज आलाच नाही" अशी तक्रार आली तर आधी तेच तपासा.

फोटो: नियम "नाही" हाच ठेवा. अहवालासाठी हवेतच तर वस्तूंचे काढा, माणसांचे नकोत. नुसते हात घेतले तरी अंगठी आणि गोंदण ओळखू येतं. फोनने काढलेल्या फोटोत जागेचे अक्षांश-रेखांश साठलेले असू शकतात, ते काढून टाकल्याशिवाय मूळ फाइल कोणाला देऊ नका. हजेरीच्या वहीत पूर्ण नावं लिहून ती टेबलावर उघडी टाकणं हा तर नेहमीचा गाढवपणा. नुसता आकडा लिहा.

आता कोर्टाचा विषय. इथे मी जरा कडक आहे. ज्यांची साक्ष अजून व्हायची आहे त्यांनी घटनेचा तपशील इतरांशी बोलला की उलटतपासणीत "तुम्हाला कोणी शिकवलं का?" हा प्रश्न येऊ शकतो. दोन साक्षीदार एकाच खटल्यातले असतील तर धोका दुप्पट. म्हणून स्नेहमेळाव्यात खटल्याचा तपशील नाही, असा नियम सुरुवातीच्या सूचनेत घाला आणि त्याचं कारणही सांगा, नाहीतर तो तोंड दाबल्यासारखा वाटतो. विषय निघालाच तर मोकळ्या कार्यकर्त्याने जवळ जाऊन "हे नीट बोलायला हवं, आपण वकिलांची वेळ घेऊ" म्हणावं आणि त्याच वेळी वहीत नोंद करावी. नुसतं "तो विषय नको" म्हणू नये.

ओळखीच्या फेरीत "तुमच्या बाबतीत काय घडलं" हे कोणालाही विचारू नका. नुकत्याच घडलेल्या घटनेबद्दल माणसाकडून एकाच बैठकीत सगळं वदवून घेतल्याने पुढचा आघातताण टळत नाही. जागतिक आरोग्य संघटनेच्या २०१३ च्या सूचनांतही अशी पद्धत वापरू नये असंच म्हटलं आहे. नाव सांगितलं की झालं, तेही हवं ते.

निवांत:
दोन गोष्टींची भर.

खून झालेल्यांचे नातेवाईक आणि स्वतः वाचलेले लोक एकत्र असले की "निदान तुम्ही जिवंत तरी आहात" असं वाक्य कधी ना कधी येतं. ते आल्यावर सावरणं कठीण जातं. हस्तकलेला, फिरायला एकत्र बसवा, पण स्मरणाचा कार्यक्रम वेगळ्या दिवशी, वेगळ्या जागी घ्या. करमणुकीच्या शेवटी "दोन मिनिटं शांतता" जोडणं हा सर्वांत वाईट प्रकार. हसायला आलेल्या माणसाला लगेच अपराधी वाटतं. मानसशास्त्रज्ञ स्ट्रोब आणि शूट यांनी १९९९ मध्ये शोकाचं जे प्रारूप मांडलं त्यात माणूस दुःखाकडे आणि रोजच्या जगण्याकडे असा आलटून-पालटून जातो, आणि ही येजा निरोगी मानली आहे. हसणं म्हणजे विसरणं नव्हे, हे कार्यकर्त्यांनाही आधी पटलेलं हवं.

स्मरणाच्या दिवशी नावं वाचायची असतील तर उच्चार घरच्यांकडून आवाजात मागवून घ्या. क्रम आडनावाने लावा, वर्षाने किंवा गुन्ह्याने नको. शेवटी थोडी जागा रिकामी ठेवून "आणखी कोणाचं नाव घ्यायचंय का?" हे विचाराच. नाव सुटलं तर त्या घराचा गटाशी संबंध तुटतो.

घटनेचा वार्षिक दिवस, खटल्याची तारीख, आरोपी सुटल्याची बातमी, यांची तारीखवार यादी एकाच माणसाकडे कुलपात ठेवा. त्या आठवड्यात त्या सदस्याला मेळाव्याचं आमंत्रण नेहमीच्या मेसेजने नको, फोन करा. तसंच २५ नोव्हेंबर ते १० डिसेंबर हे महिलांवरील हिंसेविरुद्धचे सोळा दिवस असतात. तेव्हा पत्रकार, भाषणं, पाहुणे यांची रीघ लागते. त्या काळात नेहमीचा मेळावा चालू ठेवा, पण पाहुणा एकही नको.

फिरायला जाताना तासाभरात तीन किलोमीटर पुरेत, भर दिवसा. वाट गोल आकाराची आणि अर्ध्यावर परत फिरायची सोय असलेली. एक कार्यकर्ता पुढे, एक शेवटच्या माणसाच्या मागे. चालण्याचा वेग सर्वांत सावकाश चालणाऱ्याचा. पुढचा माणूस दर दहा मिनिटांनी थांबला नाही तर रांग लांबते आणि मागचे दोघं एकटे पडतात. सहलीला बस केलीत तर सोबत एक लहान गाडीही हवी, कोणाला दुपारीच परतायचं असेल तर. ती गाडी परवडत नसेल तर सहल नको, अर्ध्या दिवसाचं काहीतरी करा.

आडवाट:
खूप उपयोगी, आभार. अजून दोन शंका. गटातल्याच लोकांना कार्यकर्ते म्हणून घ्यावं का? आणि तिघंच आले तर रद्द करावं का?

खडूफळा:
रद्द अजिबात करू नका. जो आला त्याने घराबाहेर पडायला काय काय केलं असेल ते आपल्याला माहीत नसतं. तिघांसाठी एकच टेबल लावा, बाकीच्या खुर्च्या आधीच उचलून ठेवा, रिकाम्या खुर्च्या डोळ्यांत खुपतात. बोलायचा भार पडू नये म्हणून कार्यकर्त्यांनीही माती हातात घ्यावी.

कोपरा७:
सदस्यांना जरूर घ्या, पण आधी सामानाचं काम द्या: मांडणी, साहित्य वाटप, पाणी. दाराचं आणि मागे जाण्याचं काम नंतर, तेही प्रशिक्षण झाल्यावर आणि स्वतःचा खटला संपल्यावर. कार्यकर्ता म्हणून आला तरी "आज मी नुसता सदस्य" म्हणायची मुभा त्या दिवशी सकाळपर्यंत हवी, म्हणून दर वेळी एक राखीव माणूस ठरवून ठेवा. मेळावा संपल्यावर पंधरा मिनिटं फक्त कार्यकर्त्यांनी बसायचं: कोण मधून गेलं, कोणाला उद्या फोन करायचा, तो कोण करणार. फोन कोणी करायचा ते ठरल्याशिवाय हॉलची किल्ली परत द्यायची नाही.