मदत हवी आहे: खुडूक कोंबडीखाली पिल्लं अंड्यातच मरताहेत

इंदूर, गच्चीवरचं खुराडं. कडकनाथ जातीची कोंबडी सहसा खुडूक होत नाही (अंडी उबवायला बसत नाही), म्हणून तिची 11 अंडी गावरान कोंबडीखाली ठेवली, सगळी एकाच संध्याकाळी. 7व्या दिवशी टॉर्चवर 9 अंड्यांत रक्तवाहिन्यांचं जाळं, 18व्या दिवशीही हालचाल. 21व्या दिवशी फुटली 4च! बाकीच्यांना टोचा (पिल्लानं चोचीनं आतून पाडलेलं पहिलं भोक) पडला, पण आतला पापुद्रा सुकून चामड्यासारखा पिल्लाला चिकटलेला.

संशय कोरड्या हवेवर आहे. मे महिन्यात इथे पारा 40च्या वर, आणि टोपलीत नुसता भुसा. कोंबडीच्या पंखांखाली उवा-पिसवा पाहिल्या, नाहीत. दाण्याला उठते तीही पंधरा-वीस मिनिटंच, त्यामुळे तिला दोष देता येत नाही.

पुढच्या खेपेला टोपलीच्या तळाशी ओलसर मातीचा थर द्यावा, की शेवटचे 3 दिवस अंड्यांवर कोमट पाणी शिंपडावं? टोचा पडल्यावर किती तास वाट पाहून हात लावायचा? पापुद्र्यात रक्त दिसत असताना सोलायचं नाही, एवढं ठाऊक आहे. टोपली कूलरजवळ न्यावी तर खुडूक मोडायची भीती. माळव्याच्या उन्हाळ्यात पिल्लं काढलेल्यांनी सांगा. ‘अंडी उबवायचं मशीन घ्या’ हा सल्ला कृपया नको.