शब्दचर्चा : ‘कर्नल’, त्याचा ‘सोर्स’ आणि ‘कॉन्फिगर करणे’

संध्याकाळचा_वर्ग :
परळला संध्याकाळी आठ-दहा मुलांना लिनक्स आणि फ्रीबीएसडी या ऑपरेटिंग सिस्टिम शिकवते. मुलं मराठी माध्यमातली, दिवसा नोकरी करणारी. त्यांच्यासाठी दोन पानांचं टिपण मराठीत लिहायला घेतलं : कर्नलचा (सिस्टिमच्या मध्यवर्ती प्रोग्रामचा) सोर्स, म्हणजे माणसाने लिहिलेला कोड, कुठे असतो आणि तो आपल्या मशीनपुरता कॉन्फिगर कसा करायचा, म्हणजे त्यात काय हवं-नको ते कसं ठरवायचं. शीर्षकालाच घोडं अडलं. ‘कर्नल शोधा व कॉन्फिगर करा’ असं लिहून पान टेबलावर ठेवलं होतं. सासरे सैन्यातून निवृत्त झालेले, त्यांनी ते उचलून वाचलं आणि विचारलं, ‘कुठल्या पलटणीचा?’
हसून झालं, पण प्रश्न खरा आहे. शब्द सुचवा. कोशातला असला तरी चालेल, मुलांच्या तोंडी बसायला हवा.

काजूची_बी :
दोष देवनागरीचा नाही हो. इंग्रजांच्या तोंडीही दोन्ही शब्द सारखेच, फक्त स्पेलिंग वेगळं. फौजेतला कर्नल इटालियनमधून आलेला, स्तंभाशी, म्हणजे सैनिकांच्या रांगेशी नातं असलेला. आपला कर्नल ‘कॉर्न’च्या घराण्यातला. कॉर्न म्हणजे धान्य आणि कर्नल म्हणजे बारका दाणा. स्टेशनबाहेर वाटीत मिळतं ते स्वीट कॉर्न त्याचंच भावंड.
कर्नलच्या बाहेर ‘शेल’, म्हणजे आपण कमांड देतो तो प्रोग्राम, असतो हेही ध्यानात घ्या. दाणा आत, टरफल बाहेर, आणि वापरणाऱ्याचा हात लागतो तो टरफलाला. या जोडीला कोकणात शब्द शोधावा लागत नाही. काजू फोडला की वरचं टरफल आणि आतला काजूगर. माझं मत ‘गर’.

लोकलमधला_वाचक :
कोकणाबाहेर ‘गर’ म्हटलं की आंब्याचा रस नाहीतर फणसाचे गरे. मऊ, बुळबुळीत काहीतरी. ‘गर अपग्रेड केला’ ऐकून समोरचा चमचा मागेल. त्यापेक्षा गाभा. केळीच्या खुंटाचा गाभा, देवळाचा गाभारा, विषयाचा गाभा, सगळे ‘गर्भ’वरूनच आलेले आणि सगळ्यांना कळणारे.

काजूची_बी :
मग प्रोसेसरच्या ‘कोअर’ला, म्हणजे त्यातल्या गणित करणाऱ्या एकेका भागाला, काय म्हणणार? चार गाभ्यांच्या यंत्रावर एक गाभा चालतो?

लोकलमधला_वाचक :
हं. हा पेच आहे खरा.

पडद्यामागे :
माझा मुद्दा ‘सोर्स कोड’बद्दल. आधी शुद्धलेखन : स्रोत लिहा, ‘स्त्रोत’ नको. मूळ धातू ‘स्रु’, वाहणे. त्यात त कुठेच नाही, तो बहुधा ‘स्तोत्र’ आणि ‘स्त्री’ यांच्या शेजारामुळे घुसला. सरकारी फलकांवरही सर्रास दिसतो.
पण ‘स्रोत संकेत’ वगैरे वाचून कुणालाही काही कळत नाही. मी हौशी नाटकवाला. आमच्याकडे रोजच्या वापरात शब्द आहे, संहिता. लेखकाने लिहिलेली ती संहिता, रंगमंचावर होतो तो प्रयोग. प्रेक्षक प्रयोग बघतो, संहिता त्याच्या हातात नसते. संहितेत फेरफार केला तरी आज चाललेला प्रयोग बदलत नाही. तालीम करून पुन्हा उभा करावा लागतो. सोर्स आणि चालणारा कर्नल यांचं नातं हेच ना?

दंडविधान :
संहिता म्हणजे कायदा. आमच्या पेशात १ जुलै २०२४ पासून भारतीय न्याय संहिता लागू आहे, घोळ नको.

पडद्यामागे :
वकीलसाहेब, इंग्रजीत तरी ‘कोड’ तुमच्या आणि संगणकवाल्यांच्या सामायिक मालकीचाच आहे की!

बिल्ड_लावून_आलो :
तुम्ही सगळे नामांत अडकलात. ताई, मुलं फसतात ती तुमच्या क्रियापदांमुळे.
‘सोर्स शोधा’ म्हटलं की मुलगा समजतो, सोर्स मशीनवर कुठेतरी पडलेला आहे, धुंडाळला की सापडेल. तो तिथे बहुतेक वेळा नसतोच. डेबियन या लिनक्सवर तयार, कंपाइल झालेला (मशीनला चालवता येईल अशा रूपात बदललेला) कर्नल येतो. सोर्स ‘लिनक्स-सोर्स’ नावाच्या पॅकेजातून मागवावा लागतो, आणि तोही यूएसआर-एसआरसी या फोल्डरात दाबून बांधलेल्या गठ्ठ्याच्या रूपात येतो. गाठ आपणच सोडायची. फ्रीबीएसडीत जागा तीच, पण इन्स्टॉल करताना सोर्सपुढे खूण केली नसेल तर फोल्डर रिकामा. मग गिट या कोड साठवणाऱ्या-आणणाऱ्या साधनाने उतरवून घ्यायचा, आणि आपल्या चालू आवृत्तीचीच शाखा घ्यायची (आवृत्ती ‘यूनेम’ ही कमांड सांगते). म्हणून ‘शोधा’ नको, ‘आणा’ म्हणा.
शोधत सुटलेल्या मुलाला सापडतात ती ‘हेडर्स’. आमच्या ऑफिसात एका नव्या पोराने दोन दिवस यात घालवले. यूएसआर-एसआरसीत लिनक्स नावाचा भलामोठा फोल्डर दिसला, मेकफाइलसुद्धा (कंपाइलची कृती सांगणारी फाइल) आत, गडी खूश. बाहेरचा ड्रायव्हर (एखादं उपकरण चालवणारा प्रोग्राम) जोडायला तेवढं पुरतं, पण कर्नल त्यातून बनत नाही. कुठलं फंक्शन (कोडचा एक काम करणारा तुकडा) काय मागतं एवढंच तिथे लिहिलेलं, ते फंक्शन काम कसं करतं ते नाही. पडद्यामागेंच्या भाषेत सांगायचं तर पात्रपरिचयाचं पान हाती आलं आणि हा संवाद शोधत बसला.

संध्याकाळचा_वर्ग :
अगदी हेच माझ्या वर्गात होतं! ‘आणा’ घेतलं. आणि ‘कॉन्फिगर’? एका पुस्तकात ‘संरूपण’ दिसलं, ते वाचून एका मुलाने विचारलं, ‘मॅडम, म्हणजे कोड आपण लिहायचा?’

बिल्ड_लावून_आलो :
बघा, ‘संरूपण’ने नवं रूप घडवायचं ओझं त्याच्या डोक्यावर टाकलं. प्रत्यक्षात तो एक ओळही लिहीत नाही. लिनक्सच्या सोर्समध्ये शिरून ‘मेक मेनूकॉन्फिग’ म्हटलं की लांबलचक यादी उघडते, आणि बऱ्याचशा नोंदींपुढे तीनच उत्तरं : हे कर्नलच्या पोटात हवं, हे सुटं मॉड्यूल म्हणून हाताशी ठेव, किंवा नकोच. उत्तरं ‘डॉट-कॉन्फिग’ या फाइलीत जातात. नाव टिंबाने सुरू होत असल्यामुळे साध्या यादीत ती दिसत नाही, त्यावरूनही वर्गात बोंब होते. आणि कोऱ्या पाटीवर सुरुवात करू देऊ नका. बूट फोल्डरात चालू कर्नलची कॉन्फिग ठेवलेली असते, तिची प्रत घेऊन त्यातच फेरफार करायला सांगा.

माप_घेते :
इतके दिवस नुसती वाचत होते, आता लिहिते. आई गिरगावात शिवणकाम करायची. तुम्ही सांगताय त्याला आमच्या घरात शब्द होता, बेतणे. कापड विणणारा दुसराच, आपण फक्त अंगाचं माप बघून कापायचं. बाही हवी की नको, खिसा आतून की वरून, हे सगळं शिवण्याआधी ठरतं. बेतताना चुकलं तर पुढे कितीही छान शिवा, काही उपयोग नाही.

बिल्ड_लावून_आलो :
ताई, दंडवत! फ्रीबीएसडीला तर हा शब्द मापात बसतो. तिथे सोर्समध्ये ‘जेनेरिक’ नावाची फाइल असते. सगळ्यांना चालेल असा सरसकट कर्नल, दुकानातला तयार सदराच. ती फाइल फाडायची नाही. शेजारी स्वतःच्या नावाची फाइल करायची, पहिल्या ओळीत ‘इन्क्लूड जेनेरिक’ लिहायचं आणि खाली नको असलेल्या गोष्टींना ‘नोडिव्हाइस’, ‘नोऑप्शन्स’ लावायचं. उद्या नवी आवृत्ती आली तर मूळ सदरा बदलेल, आपले अल्टर तसेच राहतील. मग ‘बिल्डकर्नल’, ‘इन्स्टॉलकर्नल’ या आज्ञा द्यायच्या. जुना कर्नल ‘कर्नल-डॉट-ओल्ड’ नावाने शिल्लक असतो, नवा उठला नाही तर लोडरमधून (मशीन सुरू होताना कर्नल चढवणाऱ्या प्रोग्राममधून) त्यावर परतता येतं. मात्र नवा उठत नाही म्हणून पुन्हा इन्स्टॉल केलं, की तोच बिघडलेला कर्नल ‘ओल्ड’च्या जागी जाऊन बसू शकतो. म्हणून चांगल्या कर्नलची एक प्रत वेगळ्या नावाने आधीच काढून ठेवायला सांगा.

लोकलमधला_वाचक :
आणि ‘कंपाइल’? ‘संकलन’ म्हटलं तर चित्रपटाचं एडिटिंग वाटतं.

बिल्ड_लावून_आलो :
कंपाइलला काही शोधू नका. आमच्या मजल्यावर सगळे म्हणतात, ‘बिल्ड लावलाय’. कुकर लावतात तसा. लावायचा आणि चहाला जायचं.

संध्याकाळचा_वर्ग :
सकाळी गाडीत बसून मसुदा केला : ‘आधी आपल्या आवृत्तीची संहिता आणा. हेडर्स म्हणजे संहिता नव्हे. चालू कॉन्फिगची प्रत घेऊन कर्नल आपल्या मशीनपुरता बेता, मग बिल्ड लावा.’ कर्नल हा शब्द तसाच ठेवला आहे. पहिल्या वेळी ‘कर्नल, म्हणजे काजूगर’ असं लिहून पुढे चालू. गाभ्यावर माझा राग नाही, पण प्रोसेसरने तो आधीच अडवलाय.
सासऱ्यांना दाखवला. म्हणाले, ‘कर्नलला बेतता येत नाही, त्याचा गणवेश बेततात.’

काजूची_बी :
त्यांना सांगा, त्यांचा कर्नल आम्ही सोललेला नाही!

माप_घेते :
‘मॉड्यूल’ला अस्तर म्हणू नका बरं का कुणी. अस्तर शिवलेलं असतं. सुटं असतं ते जाकीट.