अळूचे औषधी उपयोग: स्वतः केलेले, स्वतःवर झालेले

धागाकर्ता:
अळूच्या औषधी गुणांचे फॉरवर्ड सगळ्यांच्याच फोनवर येतात. मधुमेहापासून कर्करोगापर्यंत सगळं एका पानात बरं होतं म्हणे. ते इथे नको. वनौषधींवरच्या जुन्या भारतीय ग्रंथांत अळूबद्दल जे सापडतं ते बरंच मोजकं आहे. देठाचा पिळून काढलेला रस वाहतं रक्त थांबवतो. तोच रस मीठ घालून सुजलेल्या गाठींवर लावतात. अळकुडीचा, म्हणजे अळूच्या कंदाचा, रस चाई पडलेल्या (चकतीसारखे केस गळालेल्या) जागी आणि गांधीलमाशीच्या दंशावर चोळतात, पोटात घेतला तर तो रेचक. यातलं काही तुम्ही केलं असेल किंवा तुमच्यावर कुणी केलं असेल, तर लिहा. झाड नेमकं कोणतं होतं (खायचं अळू, रानअळू की शोभेचं) आणि पुढे काय झालं, एवढं मात्र नक्की सांगा.

खुरपं:
रक्ताचा अनुभव आहे. लहानपणी गवत कापताना विळा बोटावर बसला. आजोबांनी शेजारचाच अळूचा देठ मोडला, चीक थेट जखमेत पिळला आणि बोट मुठीत घट्ट धरून बसले. झोंबलं इतकं की रक्ताचं भान राहिलं नाही. मूठ सोडली तेव्हा रक्त थांबलेलं होतं. खायचंच अळू. जखम नीट भरली, कडेची कातडी मात्र दोन-तीन दिवस लाल होती आणि खाजत होती.

निवृत्त परिचारिका:
खुरपं, तुमच्या आजोबांच्या मुठीलाही थोडं श्रेय द्या! साध्या कापण्यातलं रक्त दहा मिनिटं न सोडता दाबून धरलं तर बहुतेक वेळा तसंच थांबतं. चिकात काही गुण नाही असं मी म्हणत नाही, पण दोन्ही एकदम केल्यावर कोणामुळे थांबलं ते कळायला मार्ग नाही. माझी काळजी वेगळी आहे. अळू वाढतं चिखलात, आणि धनुर्वाताचे बीजाणू मातीतच असतात. ड्युटीवर असताना जखमेत पाला, हळद, राख, चीक असं काय काय भरून आलेले लोक पाहिलेत. ते सगळं धुऊन काढताना रुग्णाला होणारा त्रास मूळ जखमेपेक्षा जास्त असायचा. स्वच्छ फडक्याने दाबा, जखम धुवा, धनुर्वाताची लस झाली आहे का ते बघा. आजोबांच्या हाताशी जे होतं ते त्यांनी वापरलं, त्यात त्यांचं काही चुकलं नाही.

बांधावरची:
गांधीलमाशीवर देठ चोळलाय, एकदा नव्हे, बऱ्याचदा. चोळल्यावर चुरचुर सुरू होते आणि त्यात दंशाचा ठणका मागे पडतो. माझं मत असं की हा उपाय आग विझवत नाही, लक्ष दुसरीकडे वळवतो. थोड्या वेळाने दोन्ही शमतं. सूज काही कमी होत नाही, ती तिच्या वेळेनेच उतरते. मधमाशी असेल तर आधी काटा काढा, मग काय चोळायचं ते चोळा. आणि अंगभर गांध्या उठल्या, ओठ-जीभ सुजली किंवा दम लागला, तर देठ शोधत बसू नका, सरळ दवाखाना गाठा.

टकलू हैवान:
नावावरून समजलंच असेल. कॉलेजात असताना डोक्यावर चाई पडली, रुपयाएवढी. आत्याने कच्ची अळकुडी कापून त्या जागेवर घासायला लावली. जागा लालबुंद व्हायची, एकदा तर बारीक फोड आले. काही महिन्यांनी तिथे आधी पांढरी लव आली, मग काळे केस. आत्याचा शब्द घरात तेव्हापासून अंतिम!

पुढे त्वचारोगतज्ज्ञांना विचारलं. त्यांनी सांगितलं की लहान चाई बऱ्याच जणांची वर्षभरात आपोआप भरते, त्यामुळे माझ्या केसांचा पुरावा धरता येणार नाही. पण ते हसले नाहीत. मुद्दाम त्वचेला ॲलर्जी आणणारं रसायन चाईवर लावायची उपचारपद्धत त्यांच्याकडेही आहे, म्हणे. फरक इतकाच की तिथे रसायनाची मात्रा ठरलेली असते आणि अळकुडीची नसते. आता हैवान का, तर उरलेले केस वयाने नेले. त्यावर अळकुडी चालत नाही, करून बघितलंय.

खत-माती:
खाजेबद्दल कोणी सविस्तर लिहिलं नाही म्हणून लिहितो, कारण वरच्या सगळ्या उपायांच्या मुळाशी तीच आहे. अळूच्या पेशींमध्ये कॅल्शियम ऑक्झलेटचे सुईच्या आकाराचे स्फटिक जुडीने भरलेले असतात. पान चुरडलं की ते बाहेर पडून त्वचेत, जिभेत, घशात रुततात. त्यांच्याबरोबर झाडातली प्रथिनंही आग वाढवतात, असं मानलं जातं. शिजवल्यावर ही आग उतरते, म्हणून शिजवलेलं अळू निमूट खाता येतं आणि कच्चं घशाशी भांडतं. चांगलं शिजायला हवं, अर्धवट नको. काढणी करताना मी हात कोरडे ठेवतो आणि आधी तेल लावतो, ओल्या हातांना जास्त खाजतं. खाज सुटलीच तर चिंचेचं पाणी किंवा लिंबू चोळतो. बरं वाटतं, पण कातडी फाटलेली असेल तर लिंबाने दुसरीच बोंब.

मोठा धोका ओळखण्यातला आहे. कुंडीत लावतात ते रंगीत पानांचं कॅलेडियम, मोठ्या पानांचं ॲलोकेशिया, ठिपक्यांचं डिफेनबाकिया ही सगळी अळूचीच भावंडं, आणि सुयांचा मारा सगळ्यांकडे. आमच्या शेजारच्या लहान मुलाने डिफेनबाकियाचं पान चावलं. ओठ आणि जीभ सुजून त्याला बोलता येईना, लाळ गळत होती. डॉक्टरांनी तोंड पुसून-धुऊन घ्यायला आणि थंड दूध द्यायला सांगितलं, उलटी करवू नका असं बजावलं, आणि श्वास नीट चालतोय ना म्हणून बराच वेळ थांबवून घेतलं. दुसऱ्या दिवशी मूल खेळत होतं. तेव्हा "अळूसारखं दिसतं" एवढ्यावर औषध करू नका.

परदेशस्थ:
जपानमध्ये राहत असताना घोटा मुरगळला होता. शेजारच्या आजींनी सातोइमो, म्हणजे तिथली छोटी अळकुडी, सोलून किसली. त्यात गव्हाचं पीठ आणि थोडं आलं मिसळून कापडावर जाड थर दिला आणि पायाला बांधला. आधी तिळाचं तेल चोळलं, खाजू नये म्हणून. तिथे हा जुना घरगुती लेप आहे, सुजेवर आणि मुक्या मारावर बांधतात. गार वाटलं, ठणका कमी झाला. पाय उशीवर उचलून पडून राहिले होते, त्याचाही हात असणार (परिचारिकाबाई विचारायच्या आत सांगून टाकते). तेलाची युक्ती मात्र खत-मातींच्या सांगण्याशी तंतोतंत जुळते.

धागाकर्ता:
आणखी एक जुळणी. हवाईतही कच्चा देठ कीटकदंशावर चोळायची आणि रक्त थांबवायला वापरायची रीत आहे. तिथे उकडून कुटलेल्या अळकुडीचं पोई तान्ह्यांना आणि आजाऱ्यांना देतात. तिच्या पिठुळ पदार्थाचे कण फार बारीक, म्हणून ते पचायला हलकं. धान्याची ॲलर्जी असलेल्या बाळांसाठी पोई डॉक्टरांनीही सुचवलेलं आहे. इतक्या दूरच्या लोकांनी देठाचे तेच दोन उपयोग शोधावेत, याचं मला अप्रूप वाटतं. त्यावरून गुण सिद्ध होत नाही म्हणा. झोंबणारं झाड हाताशी असलं की माणूस ते दुखऱ्या जागी चोळून बघणारच.

मूतखडेवाला:
माझा अनुभव उलट बाजूचा. खडा कॅल्शियम ऑक्झलेटचा निघाला आणि आहाराच्या यादीत पालकाशेजारी अळूची पानं होती. पूर्ण बंद नाही, कमी. उकळून ते पाणी फेकायचं, म्हणजे विरघळणारं ऑक्झलेट बरंचसं निघून जातं, आणि सोबत दही-दूध घ्यायचं, कारण त्यातलं कॅल्शियम ऑक्झलेटला आतड्यातच धरून ठेवतं. ज्यांना खड्याचा इतिहास आहे त्यांनी "अळूचा रस रोज सकाळी" छाप सल्ले वाचूही नयेत.

एक प्रश्न:
मूळव्याधीवर अळकुडी की सुरण? घरात दोन मतं आहेत.

निवृत्त परिचारिका:
आयुर्वेदात अर्शोघ्न, म्हणजे मूळव्याध घालवणारा, म्हणतात ते सुरणाला. तोही याच कुळातला आणि तोही कच्चा खाजरा, म्हणून गोंधळ होतो. जुन्या ग्रंथांत अळकुडीच्या रसाचाही उल्लेख मिळतो, पण कच्चा रस पोटात घेऊ नका. रक्त पडत असेल तर आधी तपासून घ्या, दरवेळी मूळव्याधच असते असं नाही.

बांधावरची:
आमच्याकडे कान दुखला की पानाचा रस कानात पिळायचे. माझ्या भावाच्या कानात घातला तेव्हा तो रात्रभर किंचाळत होता, त्यापेक्षा आधीचं दुखणं परवडलं. यावर कोणाचा चांगला अनुभव आहे का?

निवृत्त परिचारिका:
चांगला नाही, एकही नाही. पडदा फाटलेला आहे की नाही ते बाहेरून दिसत नाही, त्यामुळे कानात रस नकोच. डोळ्यात चीक उडाला तरी तेच: चोळू नका, वाहत्या स्वच्छ पाण्याने वीसेक मिनिटं धुवा आणि त्याच दिवशी डोळ्यांच्या डॉक्टरांना दाखवा. स्फटिक बुबुळावर रुततात.